चार आकड्यांचं कुलूप

माकडटोपी घालून मी सोफ्यावर बसले होते आणि लेक टोरांटोतल्या त्याच्या घराच्या भिंतीवर घराची ऊब ठरवणारा नवा थर्मोस्टॅट बसवत होता. दोन कंपन्यांवरून नवरा-बायको महिनाभर भांडले, शेवटी त्याच्या पसंतीचा आला.

"आई, एकोणीस अंशांवर कुलूप लावतोय. तू हात लावू नकोस," म्हणत त्याने माझ्यादेखतच चार आकडे दाबले. साठीत मी साक्षरता वर्गाला बसले, तेव्हा हा इकडे होता. त्याच्या लेखी मी अजून अंगठेबहाद्दरच.

तो कामाला गेला की मी चोवीस करायचे आणि तो यायच्या आत पुन्हा एकोणीस. एका दुपारी उबेत डोळा लागला, तो थेट त्याच्या ओरडण्याने उघडला.

"आपोआप चोवीस! काय भंगार डबा आहे!"

"मी कधीपासून सांगतेय, दुसऱ्या कंपनीचा घे," सून म्हणाली.

शनिवारी दुसरा डबा आला. सुनेनेच बसवला. कुलपाचे आकडे दाबायच्या आधी तिने नवऱ्याला चहा टाकायला पाठवलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, चष्मा लावलाय ना?"