पश्चिमेचं दार

पुण्याच्या इंजिनिअरने आमच्या देवस्थान समितीला लॅपटॉपवर जत्रा दाखवली. हजारो निळे ठिपके पूर्वेच्या दाराने आत शिरले, दर्शन घेऊन पश्चिमेच्या दाराने शिस्तीत बाहेर पडले. "पण चपला त पूर्वेलेच राह्यल्या ना, सायेब," अध्यक्ष नानाजी म्हणाले. "चपलांसाठी गर्दीत उलटा फिरेल इतका मूर्ख ठिपका मी बनवत नाही," तो हसला. आम्ही सुज्ञ सभासदांनी टाळ्या वाजवल्या. जत्रेच्या दिवशी पश्चिमेबाहेरच्या फरशीवर पाय पोळले आणि माणसं चपलांसाठी माघारी वळली. आत येणारे आणि परत फिरणारे मंडपात एकमेकांवर आदळले. कामरगावहून आलेल्या विजयमालाबाई पायांखाली आल्या. त्यांना उचलून आम्ही पूर्वेच्या दाराबाहेर आलो, तर मघाशी पश्चिमेला आमच्यासोबत अनवाणी उभा असलेला इंजिनिअर तिथे आधीच पोचला होता. त्याच्या पायांत बूट होते आणि दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या होत्या.