पिवळं झबलं

"आणि ही माती? आमची अजून रांगतेय. दिसेल ते तोंडात घालते."

तिनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बिल्डरच्या माणसानंही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, की इथला रंगाचा कारखाना बंद पडून जमाना झाला, माती खणून बदललीय, तळ्यात आता मासेसुद्धा आहेत. नवरा कंटाळून दाराला टेकला होता. ही ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिते, असं तो म्हणालाच. आज सही केली तरच तळ्याकडचं घर मिळणार होतं.

मुलीला कडेवर घेऊन ती गॅलरीत आली. समोरच्या इमारतीत सगळ्या खिडक्या बंद. फक्त हाकेच्या अंतरावरच्या एका गॅलरीत एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. दुपटी, टोपडी, झबली. त्यातलं पिवळं झबलं तर थेट छकुलीच्या मापाचं.

तिचा जीव भांड्यात पडला. विकणारा काय, काहीही सांगेल. आईची दोरी कशाला खोटं बोलेल?

तरी राहवलं नाहीच. "ताई, बाळ बरं असतं ना इथं?"

"अगदी ठणठणीत," बाई म्हणाली. "आत्ताच झोपलंय." आणि हसून तोंडावर बोट ठेवलं.

तिनं चटकन जीभ चावली. आत जाऊन नवऱ्याला हळूच म्हणाली, "कर सही."

राहायला येईपर्यंत छकुली दुडूदुडू धावायला लागली होती. रांगतानाचे कपडे केव्हाच आखूड झाले होते. खोकी तशीच टाकून तिनं आधी समोर पाहिलं. दोरी रिकामी. रखवालदार म्हणाला, त्या बाई पलीकडच्या नव्या इमारतीत गेल्या.

"तिथं अजून कुणीच राहत नाही ना," त्यानं वर सांगितलं.

एवढ्या लहान बाळाला घेऊन एकटी कशी राहत असेल, असा विचार करत ती छकुलीचं बोट धरून तिकडे निघाली. इमारतीच्या कोपऱ्यावर बिल्डरचा माणूस एका जोडप्याशी बोलत होता. त्यातल्या तरुणीच्या कडेवर मूल होतं.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत ती बाई दिसली. हातात तेच पिवळं झबलं. तेवढंच.

बाईनं ते कोरडं ठणठणीत झबलं बादलीत बुडवलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. मग तिचं लक्ष खाली गेलं. ओळखीचं हसून तिनं तोंडावर बोट ठेवलं.