मागावरची बोली

पाळणाघराच्या बंद काचेसमोर ती आली आणि आत जाणं तिच्या जिवावर आलं. आत गेलं की पाळणाघरवाल्या काकू विचारणार, मग काय ठरलं? सकाळपासून हेच चाललं होतं. जो तो विचारत होता, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

ती कामाला होती त्या कापडाच्या कारखान्यात नवे माग यायचे होते. त्यांना माणसं कमी लागतात. म्हणून ज्यांना जायचं त्यांनी राजीखुशीने जावं, एकरकमी पैसे घ्यावेत, आणि काय ते उद्या सकाळच्या पाळीला सांगावं, असं मुकादमाने बजावलं होतं. राजीखुशीने म्हणे. हा शब्द ज्याने शोधून काढला त्याची खुर्ची काही हलणार नव्हती. आणि जी मागे राहील तिच्या वाट्याला रात्रपाळीही येणार होती.

नवरा म्हणाला, तुझं तू बघ. एरवी आमटीत मीठ किती घालायचं हेही तिचं तिला बघू न देणारा माणूस, इथे मात्र बरोबर हात झटकून मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, पोरीला आई लागते. मोठी बहीण म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको. आणि ही बहीण स्वतः दोन नोकऱ्या रागाने सोडून घरी बसलेली. बाईच्या नोकरीवर घरात सगळ्यांचं तोंड चालतं. कान तेवढा कुणाचा मिळत नाही.

कान नाही, पण डोळे होते एकीचे. शेजारच्या मागावरची ठेंगू. मागांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बाया आवाज न काढता ओठ ताणून बोलतात आणि समोरची ते ओठ वाचते. सासवांच्या चहाड्या, बाळंतपणं, शिव्या, रडणं, सगळं त्याच बोलीत चालतं. आज दुपारी ठेंगूने पलीकडून ओठ हलवले, मी जाते गं. एवढंच म्हणाली आणि तुटलेला दोरा सांधायला खाली वाकली. ती पुन्हा वर बघेल म्हणून ही वाट पाहत राहिली. ठेंगूने पाळी सुटेपर्यंत मान वर केली नाही.

काचेपलीकडे काकू तिच्या लेकीची वेणी घालत होत्या. दोघींची तोंडं खिडकीकडेच होती, पण बाहेर अंधारून आलेलं, त्यांना ती दिसत नव्हती. आवाजही बाहेर येत नव्हता. तिला आवाज हवा होता कशाला.

काकूंचे ओठ म्हणाले, "आता तुझी आई घरीच राहणार म्हणे. आजी सांगत होत्या. मजा आहे बाई एका माणसाची."

लेकीने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मग दिवसभर आईशी काय बोलायचं?"

काकू हसल्या. त्यांना गंमत वाटली.

बाहेर तिने लेकीचे ते ओठ मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले, दुसरं काही निघतंय का म्हणून. निघालं नाही. एवढ्या वर्षांत तिचं वाचणं कधी चुकलं नव्हतं. निदान आज तरी चुकायला हरकत नव्हती.

आत गेल्यावर काकूंनी विचारलंच. ती म्हणाली, बघू. पण ते इतक्या मोठ्याने निघालं की कोपऱ्यातलं झोपलेलं तान्हं दचकून रडायला लागलं. मागावरच्या बायांचा आवाज असाच. पाळी सुटली तरी तो सुटत नाही.

"आई, हळू ना," लेक म्हणाली. आणि काकूंकडे तिने असं पाहिलं, जणू घरच्या माणसाने चारचौघांत काहीतरी चुकीचं केलंय आणि आता आपणच सांभाळून घ्यायला हवं.

रस्त्याने दोघी निघाल्या. लेकीने बोट धरलं होतं. आज काय केलंस, तर काही नाही. जेवलीस, तर हो. पटपट जेवलीस का, तर हो म्हटलं ना. मायलेकींचं बोलणं पहिल्या वळणालाच आटपलं.

चौकात रस्ता फोडायचं यंत्र चाललं होतं. कानठळ्या बसत होत्या. लेकीने दोन्ही हात कानांवर दाबले. आईने नाही दाबले. उलट त्या गोंगाटात तिचे खांदे जरा सैल पडले, आणि समोर ठेंगू असावी तसे तिचे ओठ आपसूक ताणले गेले.

"मी घरी राहू का?"

लेकीचे हात कानांवरच होते, पण तिने ते ओठ पाहिले. तिने भुवया उडवल्या, परत सांग म्हणून.

आई रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. ओठ सावकाश उघडले, मिटले, पुढे आले. लेक तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. इतकं निरखून तिने आईकडे कधी पाहिलं नसेल. मग तिने स्वतःचे ओठ हलवून पाहिले, अगदी तसेच, एकही वळण न चुकवता. आपण काय म्हणतोय हे तिला माहीत नव्हतं.

मी घरी राहू का?

यंत्र मागे पडलं. लेकीने कानांवरचे हात काढले, पण आवाज काढला नाही. तिला खेळ सापडला होता. थोडं चालायचं, आईचं बोट ओढायचं, आणि तिने खाली पाहिलं की ओठ हलवायचे. दार येईपर्यंत पोर तेच विचारत राहिली, आणि आईला ते दर वेळी बिनचूक वाचता आलं.