रस्त्यावरची मूस

अलास्काच्या महामार्गावर ट्रकनं उडवलेली मूस-हरिणी पोलिसांनी तिथल्या रीतीप्रमाणे मांसासाठी निकीफोर आणि अगाफिया या जोडप्याला दिली. सोलताना तिची दुधानं भरलेली कास दिसली.

“हिचं पिल्लू असेल कुठंतरी. नको नेऊया हिला,” अगाफिया म्हणाली.

“मग सडू द्यायची? ते जास्त पाप, बाई,” निकीफोर हळूच म्हणाला. त्यांचं तान्हं जाऊन महिनाच झाला होता.

मांस शेडमध्ये टांगलं. संध्याकाळी पिल्लाची हाक आली. निकीफोरनं रान धुंडाळलं. चिखलात एकही खूर उमटलेला नव्हता.

“रानातून नाही रे. शेडमधून येतेय,” अगाफिया म्हणाली.

त्यानं दार उघडलं. आत नुसतं मांस होतं आणि हाक अगदी पायांशी.

अगाफिया तिथंच जमिनीवर बसली. “ये,” म्हणत तिनं झग्याची बटणं सोडली.

हाक थांबली.