कपाळावरचा घाम

दर गुरुवारी टीव्हीवरच्या मालिकेत नट ऑर्विल टॅकेटचं एकच काम असायचं, कोर्टात खोटी साक्ष देणाऱ्याचं. वकील खडसावायचा, ऑर्विल रुमालाने कपाळ पुसायचा आणि घराघरांतून लोक ओरडायचे, "बघा, थापा मारतोय!"

आज लॉस एंजेलिसच्या खऱ्या कोर्टात त्याने बायबलवर हात ठेवला आणि खरं तेच सांगितलं. "दरोडा पडला तेव्हा लेस्टर माझ्या घरी पत्ते खेळत होता, साहेब."

त्याचा मेकअप करणारा लेस्टर आरोपीच्या खुर्चीत बसून त्याच्याकडेच आशेने बघत होता. घाम डोळ्यांत उतरला तरी ऑर्विलने कळ काढली. शेवटी हात रुमालाकडे गेलाच. ज्युरीत खसखस पिकली.

निकाल लागला, लेस्टरला बेड्या पडल्या. बाहेर ज्युरीतल्या एका बाईने ऑर्विलला गाठलं.

"सही द्या ना, त्या रुमालावरच! आजचा घाम तर अगदी खरा वाटला हो!"