मोज्यातला चेंडू

नवऱ्याच्या जुन्या मोज्यात जपून ठेवलेला बेसबॉल म्हातारीने बाहेर काढला आणि संग्रहालयाच्या तज्ज्ञापुढे ठेवला. "आमच्या ह्यांची सही आहे यावर. मी गेल्यावर हा इथेच राहू दे."

तिचा नवरा नावाजलेला बेसबॉल खेळाडू; त्याच्या सह्यांचे दहा चेंडू तिथे काचेआड मांडलेले होते. सगळ्यांवर तीच वळणदार अक्षरं. तिच्या चेंडूवरची मात्र वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली.

तज्ज्ञ हळुवारपणे म्हणाला, "आजी, ही त्यांची सही नाही. घरातल्या एखाद्या पोराने गिरवलं असेल."

खेळाडू होण्याआधी लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेल्या तिच्या नवऱ्याने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. चाहत्यांचे चेंडू तो पोत्यात भरून घरी आणायचा आणि चुलीशी बसून सह्या ती करायची. शेवटच्या आजारपणात महिनाभर पाटीवर सराव करून त्याने आयुष्यात एकदाच, या चेंडूवर, स्वतःच्या हाताने सही केली. तिच्यासाठी. "मला लिहिता येत नव्हतं, हे कुणाला कळू देऊ नकोस," एवढंच म्हणाला होता.

तिने चेंडू पुन्हा मोज्यात घातला, गाठ मारली.

"हो रे बाबा," ती म्हणाली, "पोरानेच गिरवलंय."