दगडफेकीचा प्रवेश

शाहीर कडुबाचा जुना जलसा उस्मानपुऱ्यात पुन्हा थाटामाटात उभा राहत होता. फिरता रंगमंच, नवे कपडे, खर्चाला हात आखडायचा नाही असंच ठरलेलं. दिग्दर्शिका तनुजानं कडुबाच्या म्हाताऱ्या बायकोला, भामाबाईला, तालमीला मुद्दाम पुढं बसवलं.

नायक रंगात येऊन गात असताना चहूबाजूंनी थर्माकोलचे दगड आले, लाल उजेड पडला आणि तो कोसळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भामाबाईचे हात मांडीवरच राहिले.

"आजी, जुने लोक या दगडफेकीचं अजून सांगतात, म्हणून प्रवेश तसाच ठेवला. यानंतर कडुबा कोणतं गाणं म्हणायचे?" तनुजानं विचारलं.

"दगड नाटकात नव्हते, बाई," भामाबाई म्हणाली. "ते लोकायनं मारले. शेवटचं गाणं हेच. तेबी अर्धंच ऱ्हायलं."